टॉवर बोलला एक, पायलटनं ऐकलं एक

लोहगावहून विमान पकडणाऱ्या पुणेकराला एक गोष्ट सवयीची झालेली असते. दारं लागतात, विमान धावपट्टीच्या तोंडाशी जातं आणि तिथंच उभं राहतं. थोड्या वेळानं कॅप्टन सांगतात, हवाई दलाची विमानं उतरताहेत, जरा थांबावं लागेल. मग कानठळ्या बसवत सुखोईंची जोडी येते. प्रवासी घड्याळाकडं बघतात आणि पुरंदरचा विमानतळ एकदाचा कधी होणार, यावर शेजाऱ्याशी चर्चा सुरू करतात.

लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा, इंग्रजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेला. प्रवासी विमानं तिथं पाहुणी. धावपट्टी एकच आणि टॉवरमधले नियंत्रकही हवाई दलाचे. त्याच पट्टीवर कधी लढाऊ विमानांची जोडी, तर कधी पावणेदोनशे माणसं भरलेलं प्रवासी विमान. कोण आधी, कोण नंतर, कुणी कुठं थांबायचं, हे सगळं ठरतं ते हेडफोनमधून येणाऱ्या तुटक इंग्रजी वाक्यांवर. वैमानिकाला नियंत्रकाचा चेहरा दिसत नाही आणि नियंत्रकाला कॉकपिटमध्ये काय चाललंय ते दिसत नाही. मधे दुवा एकच, आवाज.

रेडिओवरचा गोंधळ म्हटलं की आपल्याला खरखर आठवते, अर्धवट ऐकू येणारे शब्द आठवतात. पण खरखर त्या मानानं सौम्य शत्रू. ऐकू आलं नाही तर माणूस पुन्हा विचारतो. घात होतो तो बहुतेक वेळा स्वच्छ ऐकू आलेल्या वाक्यांनी. दोन्ही बाजूंचं समाधान झालेलं असतं आणि दोघांच्या डोक्यात चित्र मात्र वेगवेगळं असतं.

आधी यंत्राबद्दल थोडं. प्रवासी विमानं व्हीएचएफ पट्ट्यावर बोलतात, साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान. आपली एफएम स्टेशनं जिथं १०८ ला संपतात, त्याच्या जरा वर. तंत्र मात्र एफएमचं नाही, त्याहून जुनं एएमचं आहे. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. एका फ्रीक्वेन्सीवर दहा-पंधरा विमानं असली तरी एका वेळी बोलणार एकच. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर बाकीच्यांना नुसती शिट्टी किंवा किंचाळी ऐकू येते. ज्यांनी बटण दाबलेलं असतं त्यांना तीही ऐकू येत नाही, कारण बोलत असताना त्यांचा कान बंद असतो. दोघंही समजतात, आपला निरोप पोचला.

इतकं जुनं तंत्र अजून का, असं कुणीही विचारेल. जगभरची हजारो विमानं आणि विमानतळ एकदम बदलता येत नाहीत, हे एक कारण. दुसरं जास्त मजेशीर आहे. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्या सिग्नलला गिळून टाकतो, आणि दुसरं कुणी बोलत होतं याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये निदान शिट्टी वाजते. म्हणजे कुणाचा तरी निरोप चिरडला गेला, एवढं तरी कळतं.

आता भाषा. वैमानिक आणि नियंत्रक बोलतात ती भाषा इंग्रजी असली तरी ती आपण शिकतो ती इंग्रजी नव्हे. जुन्या पीएमटीच्या कंडक्टरची घंटा आठवा. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरला मागचं दार दिसत नाही, गर्दीत ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघांनी मिळून शब्दच दोन ठेवले. विमानाच्या रेडिओवरची ठरलेली वाक्यरचना त्याच गरजेतून आलेली आहे, फक्त तिच्यात दोनऐवजी काही शे वाक्यं आहेत. बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरं खरखरीत सारखीच वाटतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो, व्हिक्टर. ही वर्णमाला आजच्या रूपात १९५६ पासून जगभर वापरात आहे. आकड्यांचे उच्चारही मुद्दाम वाकवलेले आहेत. नाइन आणि फाइव्ह कानाला जवळचे, म्हणून एकाचं 'नाइनर' केलं, दुसऱ्याचं 'फाइफ'. 'हो' म्हणायला 'अफर्मेटिव्ह' नको, 'अफर्म' म्हणा, असा नियम आहे. बटण दाबायला क्षणभर उशीर झाला तर शब्दाची सुरुवात कापली जाते, आणि शेपूट तेवढं ऐकलं तर 'अफर्मेटिव्ह' आणि 'नेगेटिव्ह' सारखेच वाटतात. सिनेमातले पायलट ज्याच्या-त्याच्या शेवटी 'रॉजर' म्हणतात. त्याचा अर्थ 'हो' असा होत नाही. 'तुझं बोलणं ऐकलं', एवढाच होतो.

या सगळ्याचा कणा म्हणजे रीडबॅक. नियंत्रकानं उंची, दिशा, वेग, धावपट्टीचा क्रमांक, हवेचा दाब, उड्डाणाची किंवा उतरण्याची परवानगी यातलं काहीही दिलं की वैमानिकानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं. नियंत्रकानं ते ऐकायचं आणि चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करायची. या दुसऱ्या अर्ध्याला हिअरबॅक म्हणतात, आणि सगळी साखळी तुटते ती बहुधा इथंच. परत म्हणणं तोंडाचं काम आहे, सवयीनं होतं. परत ऐकणं अवघड, कारण नियंत्रकाच्या मनात तोवर पुढच्या विमानाचं वाक्य तयार होत असतं. आणि आपण स्वतः जे सांगितलं तेच समोरून येणार, अशी कानाची आधीच खात्री झालेली असते.

वैमानिकाकडंही तेच. रोज त्याच वाटेनं येणाऱ्याला रोज त्याच उंचीवर उतरवलं जातं. एखाद्या दिवशी नियंत्रक 'वन वन थाउजंड' म्हणतो, म्हणजे ११,०००, आणि कान ऐकतो 'वन झिरो थाउजंड', म्हणजे १०,०००, कारण रोज तेच ऐकलेलं असतं. दहा आणि अकरा हजारांची अदलाबदल हे या धंद्यातलं इतकं जुनं दुखणं आहे की वैमानिकांना प्रशिक्षणातच त्याबद्दल बजावलं जातं. दोन विमानांमध्ये उभं अंतर सहसा हजार फुटांचंच ठेवलेलं असतं, हे लक्षात घेतलं की त्या एका शब्दाची किंमत कळते.

आकड्याचा घोटाळा किती साधा असू शकतो, याचं उदाहरण क्वालालंपूरचं. १९ फेब्रुवारी १९८९ ला फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ सुबांग विमानतळावर उतरत होतं. नियंत्रक म्हणाला, 'डिसेंड टू फोर झिरो झिरो.' त्याला म्हणायचं होतं दोन-चार-शून्य-शून्य, म्हणजे २,४०० फुटांपर्यंत खाली या. वैमानिकांनी त्यातला पहिला 'टू' हा 'पर्यंत' या अर्थाचा धरला आणि उरला आकडा ४००. त्यांनी उत्तरही दिलं, 'ओके, फोर झिरो झिरो.' चूक उघड कानावर पडली आणि तशीच निघून गेली. विमान टेकडीवर आदळलं, चौघं गेले. त्या वाटेवर इतक्या खाली येता येत नाही, हे हातातल्या नकाशावर होतं, आणि कॉकपिटमधलं यंत्र जमीन जवळ आल्याचा इशाराही देत होतं. पण एकदा डोक्यात आकडा बसला की डोळे आणि कान त्याच्या बाजूनंच साक्ष देतात. म्हणूनच आकड्याच्या आधी 'अल्टिट्यूड' किंवा 'फ्लाइट लेव्हल' हा शब्द घालण्यावर आज भर असतो, 'पर्यंत'चा 'टू' आणि दोनाचा 'टू' यांच्यात पाचर मारायला.

इथं वाचकाला वाटेल, मग रीडबॅक नीट ऐकलं की झालं. तसं नाही. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर पावसात एक एअरबस ए-३२० उतरायला येत होतं. उंचीमापक यंत्राला त्या ठिकाणचा हवेचा दाब सांगावा लागतो, तरच ते खरी उंची दाखवतं. दाब होता १००१ हेक्टोपास्कल. नियंत्रक चुकून म्हणाली १०११. वैमानिकांनी अगदी बरोबर परत म्हटलं, १०११. रीडबॅक शंभर टक्के अचूक, पण चुकीच्या आकड्याचं. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरले तर दहाच्या फरकानं उंचीमापक पावणेतीनशे फूट जास्त दाखवत होतं. धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं, तेव्हा ते जमिनीपासून सहा फुटांवर आलेलं होतं, आणि खाली धावपट्टी नव्हती, ती अजून दीडेक किलोमीटर पुढं होती. त्यांना स्वतःला याची कल्पनाही आली नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, त्यामुळं आपल्याकडं ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. माझ्या मते ती मोठ्या अपघातांइतकीच वाचण्यासारखी आहे.

पण या विषयाचा सगळ्यात मोठा धडा टेनेरिफचाच. २७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या मुख्य विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस नावाच्या छोट्या विमानतळाकडं वळवली गेली. जागा अपुरी, टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडं जायच्या रस्त्यावर, विमानांची दाटी. त्यामुळं उड्डाणासाठी निघालेल्या विमानांना धावपट्टीवरूनच उलट दिशेनं चालत टोकाला जावं लागत होतं. वरून धुकं उतरलं. केएलएमचं बोइंग ७४७ टोकाला जाऊन वळून उभं राहिलं. पॅन अ‍ॅमचं ७४७ त्याच धावपट्टीवरून मागोमाग येत होतं आणि त्याला बाहेर पडायचं वळण सापडत नव्हतं. टॉवरला दोघंही दिसत नव्हते, दोघांना एकमेकं दिसत नव्हते.

केएलएमचे कॅप्टन म्हणजे कंपनीचे ज्येष्ठ प्रशिक्षक, कंपनीच्या जाहिरातीतला चेहरा. नियंत्रकानं त्यांना उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी सांगितली. ही परवानगी फक्त वाटेची असते, निघण्याची नसते. पण तिच्या वाक्यात 'टेक-ऑफनंतर उजवीकडं वळा' असे शब्द होते. को-पायलटनं ती परत म्हटली आणि शेवटी जोडलं, 'वी आर नाउ अ‍ॅट टेक-ऑफ.' तोवर कॅप्टननी विमान सोडलंही होतं. नियंत्रकाला त्या वाक्यातून कळलं ते असं, की आम्ही उड्डाणाच्या जागी तयार उभे आहोत. तो म्हणाला, 'ओके.' मग जरासा थांबला आणि म्हणाला, 'उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो.' त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकांना धोक्याचा वास आला आणि त्यांनी बटण दाबून सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही निरोप एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचलं ते फक्त 'ओके', आणि पुढं काही सेकंद किंचाळी.

यातला शिट्टीचा भाग लोक नेहमी सांगतात, पण मला त्यानंतरचे काही सेकंद जास्त अस्वस्थ करतात. शिट्टी संपल्यावर टॉवरनं पॅन अ‍ॅमला सांगितलं, धावपट्टी रिकामी केली की कळवा. पॅन अ‍ॅमनं उत्तर दिलं, कळवतो. हे संभाषण केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ ऐकू आलं. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं ते टिपलं आणि विचारलं, तो पॅन अ‍ॅमवाला अजून बाहेर पडला नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, पडला की. इंजिनिअर गप्प बसला.  ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात अपघातात एवढी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती, त्यानंतरही नाही.

तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द रेडिओवर राखीव आहे. उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना तेवढा तो वापरायचा. बाकी सगळीकडं 'डिपार्चर'. आपलं विमान लोहगावला धावपट्टीशी खोळंबून उभं असतं, तेव्हा वैमानिक टॉवरला 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणतो, 'टेक-ऑफ' म्हणत नाही. त्या एका शब्दामागं टेनेरिफ आहे. कनिष्ठानं वरिष्ठाला टोकलंच पाहिजे, आणि वरिष्ठानं ते ऐकून घेतलंच पाहिजे, याचं रीतसर प्रशिक्षण जगभर सुरू झालं त्यालाही हा अपघात मोठं कारण ठरला.

आपल्या देशातला टेनेरिफ म्हणजे हरियाणातलं चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून सौदियाचं बोइंग ७४७ निघालं होतं आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ दिल्लीत उतरायला येत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आकाशातला रस्ता एकच. सौदियाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं, कझाक विमानाला १५,००० फुटांपर्यंतच खाली यायला. नियंत्रकानं कझाक विमानाला समोरून येणाऱ्या विमानाबद्दल बजावलंही होतं. तरी ते १५,००० च्या खाली उतरत गेलं. ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांत मिळून कुणीही वाचलं नाही. हवेतल्या हवेत झालेल्या टकरींमध्ये हा आकडा आजही सगळ्यात मोठा आहे.

चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगानं केली. तिच्यातून कॉकपिटचं जे चित्र पुढं आलं, ते समजून घेण्यासारखं आहे. कझाक विमानात टॉवरशी इंग्रजीत बोलणारा माणूस वेगळा होता, रेडिओ ऑपरेटर. विमान चालवणारे वेगळे. म्हणजे नियंत्रकाचा शब्द आधी ऑपरेटरच्या कानात, मग त्याच्या तोंडून रशियनमध्ये वैमानिकांकडं. ऑपरेटरच्या समोर स्वतःचं उंचीमापकही नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघावं लागायचं. शिवाय त्यांची हयात मीटरमध्ये उडण्यात गेलेली आणि दिल्ली बोलत होती फुटांत. समोरच्या विमानाबद्दल सांगताना नियंत्रकानं '१४०' उच्चारलं होतं, म्हणजे सौदियाची उंची. आपली कुठली आणि त्याची कुठली, हे त्या कॉकपिटमध्ये सगळ्यांच्या मनात सारखं स्पष्ट नव्हतं. अगदी शेवटच्या क्षणी ऑपरेटरच्या लक्षात आलं आणि १५० वर चला असं तो सांगू लागला. विमान वर घेतलं गेलं आणि त्या चढण्यातच टक्कर झाली. दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर तेव्हा विमानं ठिपक्यांसारखी दिसत, त्यांची उंची दिसत नसे. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापलीकडं त्याच्या हातात काही नव्हतं.

यानंतर भारतात विमानांना टक्कररोधक यंत्र सक्तीचं झालं. दोन विमानांची ही यंत्रं आपसात बोलतात, एकाला 'वर जा' आणि दुसऱ्याला 'खाली जा' म्हणतात. मग यंत्र एक सांगतंय आणि नियंत्रक दुसरं, तर ऐकायचं कुणाचं? १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या उबरलिंगनवर नेमकं तेच झालं. रशियन विमानाला यंत्र वर म्हणत होतं, नियंत्रक खाली. त्यानं नियंत्रकाचं ऐकलं, दोन विमानांची टक्कर झाली आणि ७१ माणसं गेली. आता उत्तर निःसंदिग्ध आहे. अशा वेळी यंत्राचं ऐकायचं.

चरखी दादरीनंतर इंग्रजीच्या परीक्षेचा आग्रहही वाढला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेनं एक ते सहा अशा पायऱ्या ठरवल्या, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांना व नियंत्रकांना किमान चौथी पायरी हवी असा नियम २००८ पासून लागू झाला. चौथीवाल्याला दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, सहावीवाल्याला माफ. मात्र 'इंग्रजी कच्चं म्हणून अपघात' हे सोपं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. जन्मानं इंग्रजी बोलणारे लोकही रेडिओवर भरपूर गोंधळ घालतात. ते भरभर बोलतात, ठरलेली वाक्यं सोडून स्वतःच्या ढंगात बोलतात, आणि समोरच्या परदेशी वैमानिकाला पुन्हा विचारायची लाज वाटते. कित्येक वर्षं अमेरिकेत 'धावपट्टीवर येऊन थांबा' याला जगापेक्षा वेगळा शब्दप्रयोग होता. बाकीचे म्हणत 'लाइन अप अँड वेट', ते म्हणत 'पोझिशन अँड होल्ड'. २०१० मध्ये कुठं तो बदलला.

आणि ठरलेली वाक्यं संपली, की खरी भाषा लागते. २० डिसेंबर १९९५ ला अमेरिकन एअरलाइन्सचं विमान कोलंबियातल्या काली शहराकडं येताना भलत्याच दिशेला वळलं आणि डोंगरावर आदळलं. तिथल्या नियंत्रकाला वैमानिकांच्या विचारण्यात काहीतरी विसंगती जाणवली होती. पण त्याचं इंग्रजी रोजच्या ठरलेल्या वाक्यांपुरतं होतं. वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते तर मी त्यांना सांगितलं असतं की तुमची विनंती पटत नाही, अशा अर्थाचं तो चौकशीत म्हणाला. शंका आली होती. ती मांडायला शब्द नव्हते.

याची दुसरी बाजू न्यूयॉर्कला दिसली होती, २५ जानेवारी १९९० ला. कोलंबियाचं आव्हिआंका ५२ खराब हवेमुळं हवेत घिरट्या घालत होतं, तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त. इंधन संपत आलं. को-पायलटनं नियंत्रकाला सांगितलं, आम्हाला 'प्रायॉरिटी' हवी. न्यूयॉर्कच्या नियंत्रकांसाठी त्या रात्री प्रत्येकालाच प्राधान्य हवं होतं. ज्या शब्दानं सगळी यंत्रणा खडबडून जागी होते तो 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे', तो शेवटपर्यंत उच्चारला गेला नाही. एकदा उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर कॅप्टननी स्पॅनिशमध्ये सांगितलं, त्यांना सांग आपली इमर्जन्सी आहे. को-पायलट म्हणाला, सांगितलं. त्यानं सांगितलं होतं ते एवढंच, की इंधन संपत चाललंय, आणि तेही शेवटी 'सर' लावून, शांत स्वरात, दुसऱ्या वाक्यांच्या ओघात. १५८ पैकी ७३ जण गेले. टाक्या कोरड्या असल्यामुळं आग मात्र लागली नाही. हे वाचताना आपल्याकडच्या कितीतरी सभ्य, मवाळ माणसांची आठवण होते. संकट सांगतानाही आवाज चढवायचा नाही, ही शिकवण घरात ठीक. रेडिओवर ती जीव घेते.

भारतात आज रोजच्या रोज सतावणारा प्रश्न साधा आहे, सारख्या नावांचा. प्रत्येक उड्डाणाला कॉलसाइन असतं, कंपनीचं रेडिओनाव आणि आकडे. इंडिगोचं रेडिओनाव 'आय-फ्लाय'. आता एकाच कंपनीची इतकी विमानं हवेत असताना एका फ्रीक्वेन्सीवर शेवटचा आकडाच तेवढा वेगळा असलेली दोन विमानं आली, तर एकाचा निरोप दुसऱ्यानं उचलणं किती सोपं आहे बघा. रीडबॅक येतं, तेही बरोबर, फक्त भलत्या विमानाकडून. उपाय म्हणून कंपन्या आकड्यांच्या शेपटीला अक्षरं जोडतात, म्हणजे तिकिटावर छापलेला क्रमांक एक आणि रेडिओवरचा दुसरा. नियंत्रकही अशा जोडीला 'सारखं कॉलसाइन आहे, सावध राहा' असं मुद्दाम सांगतात.

अलीकडचं एक मोठं उदाहरण टोकियोच्या हानेदा विमानतळाचं, २ जानेवारी २०२४ चं. आदल्या दिवशी नोटो भागात भूकंप झाला होता आणि जपानी तटरक्षक दलाचं विमान तिकडं मदत घेऊन निघालं होतं. टॉवर म्हणाला, 'नंबर वन, होल्डिंग पॉइंट सी-फाइव्हपर्यंत या.' म्हणजे उड्डाणाच्या रांगेत तुम्ही पहिले, धावपट्टीच्या अलीकडं येऊन थांबा. वैमानिकानं परत म्हटलं, बरोबर म्हटलं, वर 'थँक यू'ही म्हणाला. आणि विमान धावपट्टीवर नेऊन उभं केलं. 'तुम्ही पहिले' यातून त्याच्या मनात धावपट्टी आपली झाली होती. मागून जपान एअरलाइन्सचं ए-३५० त्याच पट्टीवर उतरलं. त्यातली ३७९ माणसं जळत्या विमानातून बाहेर पडली, तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण मात्र गेले. पॅरिसला आकडाच चुकीचा दिला गेला होता. इथं दिलेलं बरोबर, परत म्हटलेलं बरोबर, आणि तरीही. रीडबॅक फक्त शब्द तपासतं, डोक्यात उमटलेलं चित्र तपासत नाही. अपघातानंतर जपाननं 'नंबर वन' सांगणं लगेच थांबवलं.

त्यामुळं आता भर दिला जातोय तो तोंडी शब्दाला दुसरा साक्षीदार मिळवून देण्यावर. आधुनिक रडारवर नियंत्रकाला विमानाची उंची तर दिसतेच, शिवाय वैमानिकानं यंत्रात कुठली उंची लावली आहे तेही दिसू शकतं. १५,००० सांगितलं आणि त्यानं १४,००० लावलं, तर विमान खाली यायच्या आधीच कळतं. धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची ओळ असते, तोंडी परवानगी ऐकली असं वाटलं तरी ती ओळ विझल्याशिवाय ओलांडायची नाही. अरबी समुद्रावरून जाणाऱ्या विमानांना मुंबईचे नियंत्रक मेसेजसारखा लेखी मजकूर पाठवू शकतात. तिथं व्हीएचएफ पोचत नाही, आणि उत्तराला अर्धा मिनिट लागला तरी चालतं. विमानतळाजवळ अर्धा मिनिट म्हणजे फार झालं, म्हणून तिथं आवाजच.

आवाजाचा आणखी एक फायदा आहे, जो लेखी मेसेजमध्ये नाही. एका फ्रीक्वेन्सीवरचे सगळेच सगळ्यांचं ऐकत असतात. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं एक ए-३२० उतरत होतं. वैमानिकांना समोर दिवे दिसले, म्हणून त्यांनी टॉवरला विचारलं की धावपट्टी मोकळी आहे ना. टॉवर म्हणाला, तुमच्याशिवाय कुणी नाही. धावपट्टी खरंच मोकळी होती. विमान मात्र शेजारच्या टॅक्सीवेवर उतरत होतं, जिथं प्रवाशांनी भरलेली चार विमानं रांगेत उभी होती. त्या रांगेतल्या युनायटेडच्या वैमानिकानं सगळे नियम बाजूला ठेवून साध्या इंग्रजीत विचारलं, 'हा चाललाय कुठं? हा तर टॅक्सीवेवर आहे!' एअर कॅनडाचं विमान जमिनीपासून साठेक फुटांवरून पुन्हा वर गेलं.